गाळ तोच, मान मात्र यंत्राला!

दरवर्षी पावसाळा जवळ आला की मुंबईत नालेसफाईचा गाजावाजा सुरू होतो. किती टक्के गाळ काढला, कंत्राट कोणाला मिळाले, पैसा कोणी खाल्ला यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरतात. गटाराच्या तोंडाशी कमरेएवढ्या घाणीत उभा असलेला माणूस कोणत्या वस्तीतून आलेला असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारायची गरजच नाही, सगळ्यांना ते ठाऊक असते. गटारात माणूस उतरवू नये असा कायदा २०१३ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारबळीच्या वारसांना दहा लाख द्या म्हणून सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे उतरतातच आणि मरतातच.

याच मुंबईच्या पूर्वेला, समुद्रात, रात्रंदिवस गाळ काढला जातो. तिथे मात्र कोणी गाळात उतरत नाही. कोट्यवधी रुपयांचे जहाज तो गाळ ओढते. ते चालवणाऱ्याच्या अंगावर स्वच्छ डांगरी असते, समोर पडदे असतात, हातात दांडा असतो आणि त्याला ड्रेज मास्टर म्हणतात. त्याचा पगार ऐकला तर नालेसफाई करणारा भाऊ विश्वास ठेवणार नाही. गाळ दोन्हीकडे सारखाच काळा आणि सारखाच घाण वासाचा. माणसाची किंमत मात्र एकीकडे शून्य आणि दुसरीकडे लाखाची. हा फरक कुठून आला? तो कळण्यासाठी अशा जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलेल्या एका तरुणाची हकिकत सांगतो. त्याचा खटला मी चालवला आहे. त्याचे नाव मी देत नाही आणि कंपनीचेही देत नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीपुरता नाही.

हा मुलगा मानखुर्दचा. वडील कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षे केली. मग बिल्डिंगांच्या साइटवर वायरमन म्हणून राबला. वस्तीतल्या कोणाच्या तरी ओळखीने एक एजंट भेटला. 'जहाजावर नोकरी लावतो, एक लाख ऐंशी हजार लागतील,' म्हणाला. आईने मंगळसूत्र मोडले आणि बचत गटातून कर्ज काढले. मुलगा गाळ उपसणाऱ्या जहाजावर चढला. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा यांच्या समाईक वाटेवर ते जहाज काम करीत होते.

हे जहाज काम कसे करते ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मुलांना ते कुठेच शिकवले जात नाही. मोठ्या मालवाहू जहाजाला खोल पाणी लागते. भरती-ओहोटीबरोबर आणि खाड्यांतून येणारा चिखल बंदराच्या वाटेत सतत बसत असतो. तो काढला नाही तर बंदर बंद पडेल. गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या कुशीला भलामोठा लोखंडी पाइप असतो. विंचच्या साहाय्याने तो तळापर्यंत सोडतात. पाइपाच्या टोकाला असलेले जबड्यासारखे अवजार तळ खरवडत जाते आणि पंप पाण्यासकट गाळ वर ओढतो. जहाजाच्या पोटातल्या हौदात गाळ खाली बसतो, वरचे पाणी वाहून जाते. हौद भरला की जहाज खोल समुद्रात ठरलेल्या जागी जाते, तळाची दारे उघडते, गाळ सोडते आणि परत येते. दिवसातून अनेकदा हाच फेरा. रविवार नाही, सण नाही. मशीन थांबले की कंपनीचे पैसे बुडतात.

या सगळ्या पसाऱ्यात विजेशिवाय पान हलत नाही. विंच, पंप, दारे उघडणारी हायड्रॉलिक यंत्रणा, पाइप किती खोल गेला ते दाखवणारे सेन्सर, रात्रीचे दिवे, स्वयंपाकघरातली शेगडी, सगळे विजेवर. इलेक्ट्रिशियनला जहाजावर 'बत्तीसाब' म्हणतात. आमच्या या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'साब' म्हटले ते तिथे. तो मला सांगत होता, "सर, घरी फोन करून आईला सांगितलं, मला इथं साब म्हणतात. ती रडायलाच लागली."

जमिनीवरची वीज आणि जहाजावरची वीज यांत मोठा फरक आहे, तो त्याने मला समजावून सांगितला. घरात एखादी फेज जमिनीला लागली की ब्रेकर पडतो. जहाजावर न्यूट्रल लोखंडी सांगाड्याला जोडलेला नसतो. एका ठिकाणी वायर सांगाड्याला टेकली तरी पुरवठा चालूच राहतो, कारण भर समुद्रात सुकाणूचा पंप एकाएकी बंद पडला तर जहाजच धोक्यात येईल. मुख्य पॅनेलवर तीन दिवे असतात. तिन्ही सारखे जळत असले तर ठीक. एक मंद झाला की समजायचे, त्या फेजची वायर कुठेतरी सांगाड्याला लागली. मग एकेक सर्किट बंद करीत ती जागा हुडकायची. दुसऱ्या फेजचा दोष होण्याआधी ती सापडलीच पाहिजे. गाळाच्या जहाजावर हा दोष वरचेवर होतो. खारे पाणी आणि बारीक रेती प्रत्येक जंक्शन बॉक्समध्ये घुसते, आणि पंपाच्या हादऱ्याने घट्ट बसवलेले स्क्रूही ढिले पडतात. म्हणून मेगर नावाचे यंत्र लावून प्रत्येक मोटरचे इन्सुलेशन तपासायचे आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. हे रजिस्टर वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

मुख्य जनरेटर बंद पडले तर आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांच्या आत आपोआप सुरू होऊन वीज देऊ लागला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो वरचेवर चालवून बघणे हेही बत्तीसाबचेच काम. गाळ किती घट्ट आहे ते मोजण्यासाठी पाइपवर किरणोत्सारी द्रव्य असलेले मापक असते. त्याच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. त्या मंडळाचे कार्यालय अणुशक्तीनगरात, या पोराच्या घरापासून जवळच. पण त्या फाटकातून आत जायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्या मापकाजवळ कोणी जायचे आणि कोणी नाही, हे तो जहाजावर शिकला. म्हणजे आयटीआयच्या दोन वर्षांच्या पुढची सगळी विद्या त्याने समुद्रावर, रात्रपाळीत, दुसऱ्याच्या हाताकडे बघून मिळवली.

रात्री काम करताना त्याला ट्रॉम्बेची टेकडी दिसायची. टेकडीपलीकडे त्याची वस्ती. मालवाहू जहाजावरचा खलाशी घरापासून हजारो मैल दूर जातो. गाळाच्या जहाजावरच्या माणसाला घराचे दिवे दिसतात, मोबाइलला रेंज मिळते, पण चार-चार महिने पाय जमिनीला लागत नाही. १४ एप्रिलच्या रात्री त्याने वर्कशॉपच्या कपाटाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो लावला आणि मेणबत्ती पेटवायची नाही म्हणून टॉर्च लावला. जहाजावर सगळ्यांची एकच मेस, एकच भटारी. ताटाला शिवाशिव नव्हती, हे तो आवर्जून सांगतो. तरी एका अधिकाऱ्याने फोटो पाहून विचारलेच, "तुझं पूर्ण नाव काय?" आडनाव विचारण्याची ही सवय समुद्रावरही सुटत नाही. ज्यांच्या धर्माने समुद्र ओलांडणे पाप ठरवले, त्यांचीच नातवंडे आज जहाजावर अधिकारी आहेत. पण सोबत न्यायची ती गोष्ट त्यांनी बरोबर नेली.

आता अपघाताकडे येतो. २०१८ सालची गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास पाइप वर ओढणारा विंच अडकला. पाइप अर्धा पाण्यात, जहाज चालते. वीज तोडून, कुलूप लावून, तशी पाटी अडकवून आणि परमिट लिहून मगच पॅनेल उघडायचे असा नियम आहे. वरून हुकूम आला, 'वेळ घालवू नको, तसाच बघ.' पोराने पॅनेल उघडले. आत ओल होती. ठिणगीचा लोळ उठला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तीन बोटे आजही वळत नाहीत.

दवाखान्याचे पहिले बिल भरून कंपनी मोकळी झाली. त्यानंतर कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदार म्हणाला, हा खलाशी नाही, आम्ही त्याला 'तांत्रिक सहायक' म्हणून घेतले होते. कागद पाहिले तर खरेच तसे लिहिलेले. त्याच्याकडे सीडीसी म्हणजे खलाशाचे पुस्तक नव्हते, करारनामा इंग्रजीत होता आणि त्याची सही नको तिथे घेतलेली होती. एजंटाने दिलेले कोर्सचे सर्टिफिकेट मान्यता नसलेल्या संस्थेचे निघाले. त्याची आई माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली, "साहेब, पोराला साब म्हणायचे ना तिथं? मग आता ओळखत कसे नाहीत?" मावशींच्या या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

उत्तर रजिस्टरात सापडले. हा पोरगा मेगरचे आकडे रोज स्वतःच्या अक्षरात लिहायचा, त्याखाली चीफ इंजिनियरची सही असायची आणि सवयीने तो त्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवायचा. अकरा महिन्यांची पाने होती. बंदरात जाण्याचा पास होता. त्या पानांवरून सिद्ध झाले की तो जहाजाचे रोजचे काम जहाजाच्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली करीत होता. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे, आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो. कंपनीने शेवटचा डाव टाकला की याने परमिट न घेता पॅनेल उघडले, म्हणजे सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला. आम्ही परमिटबुक मागवले. त्याआधीच्या कित्येक आठवड्यांत त्या जहाजावर एकही परमिट कोणालाच दिले गेले नव्हते! जो नियम मालकच पाळत नाही, तो कामगाराने मोडला कसा? निकाल २०२२ मध्ये आमच्या बाजूने लागला, बारा टक्के व्याजासह. हात मात्र परत आला नाही.

थकलेल्या तीन महिन्यांच्या पगाराची गोष्ट वेगळी. २०१७ चा नौअधिकार क्षेत्राचा कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार जहाजावरच्या माणसाच्या पगाराचा बोजा थेट जहाजावर चढतो आणि इतर देण्यांच्या आधी तो फेडावा लागतो. त्यासाठी उच्च न्यायालय जहाज अडकवून ठेवू शकते. आम्ही फक्त नोटीस पाठवली आणि आठ दिवसांत पगार जमा झाला. जहाज एक दिवस उभे राहिले तर किती नुकसान होते, ते मालकाला बरोबर कळते. हा हक्क आपल्या किती मुलांना माहीत आहे? पगाराचा हा बोजा दोन वर्षांनी संपतो, हेही माहीत असले पाहिजे. भरपाईचा १९२३ चा कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कंत्राटदाराच्या माणसाबद्दल मूळ मालकाची जबाबदारी तिथेही आहे. पण मागणाऱ्याच्या हातात कागद नसेल तर कोणताही कायदा पांगळा आहे.

आपले लोक समुद्रावर मरतातही आणि त्यांची मोजदाद नीट होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा राहण्याचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरच्या आसपास माणसे गेली. त्यांत वेल्डर होते, फिटर होते, रंगारी होते, कंत्राटी हातच जास्त. वादळाची सूचना होती, तरी बार्ज वेळेत किनाऱ्याला आला नाही. त्या रात्री जे बुडाले त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी करारनाम्याची प्रत होती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गटारातला माणूस आणि जहाजावरचा माणूस यांच्यात फरक कशामुळे पडतो? यंत्र आणि तंत्रशिक्षण यांच्यामुळे. ही गोष्ट बाबासाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखली होती. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणावर भिस्त न ठेवता विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशी मागणी होती. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे सांगत होता. मी वकील आहे, त्यामुळे हे वाक्य मलाही टोचते आणि टोचले पाहिजे. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांचा केंद्रीय आयोग उभा राहिला. वीज आणि जलमार्ग हे दोन्ही विषय एकाच वेळी त्यांच्या टेबलावर होते. आपण मात्र बाबासाहेबांना संविधानापुरते आणि सहा डिसेंबरपुरते ठेवले.

समुद्राशी आपले नाते तरी कुठे नवे आहे? सोपाऱ्याचा पूर्ण हा व्यापारी समुद्रमार्गे फिरला आणि पुढे भिक्खू झाला. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात जहाजाचे चित्र आहे. बंदराच्या वाटेवर, या पोराच्या जहाजासमोर असलेल्या घारापुरीवरही स्तूपाचे अवशेष आहेत. बाबासाहेब १९१३ मध्ये जहाजानेच अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये त्यांचे सामान आणणारी बोट टॉर्पेडोने बुडाली, पुस्तके गेली, तरी ते पुन्हा समुद्र ओलांडून लंडनला गेलेच. समुद्राची भीती हा आपला वारसा नाही.

प्रश्न दार उघडे आहे का हा आहे. गाळ उपसण्यासाठी भारत सरकारने १९७६ मध्ये ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी काढली, मुख्यालय विशाखापट्टणम. सरकारी कंपनी म्हणून तिथे आरक्षण होते. २०१९ मध्ये केंद्राने आपला ७३.४७ टक्के हिस्सा चार सरकारी बंदरांना विकला. दुसरीकडे बंदरांची मोठमोठी कामे नेदरलँड्स, बेल्जियमच्या आणि देशी खासगी कंपन्यांकडे जातात. तिथे आरक्षणाचा शब्दही नाही. खासगीकरण म्हणजे आरक्षणाला मागच्या दाराने निरोप, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. समुद्रावर ते डोळ्यांनी दिसते.

आणि आता वाढवण. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिलेले, ७६,२२० कोटींचे बंदर. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव. म्हणजे गाळ आणि रेती उपसणाऱ्या जहाजांना वर्षानुवर्षे काम. सरकार बारा लाख रोजगारांचा आकडा सांगते. ज्यांची मासेमारी जाणार त्या मच्छीमारांनी आणि तिथल्या आदिवासींनी विरोध केला आहे आणि त्यांच्या बाजूने उभे राहणे हे आपले कर्तव्यच आहे. पण माझा आणखी एक प्रश्न आहे. त्या बारा लाखांत बत्तीसाब किती असतील आणि फाटकावरचे वॉचमन किती? ज्याचा समुद्र जातो त्याला झाडू आणि काठी मिळते, पॅनेलची चावी बाहेरून आलेल्याला मिळते, हा आजवरचा अनुभव आहे. तो बदलायचा असेल तर मागणी आजच केली पाहिजे. समाजकल्याण खात्याने आणि बार्टीने समुद्रपूर्व प्रशिक्षणाची फी भरावी. किनारपट्टीच्या आयटीआयमध्ये जहाजाच्या विजेचा अभ्यासक्रम द्यावा. सरकारी पैशातून निघणाऱ्या प्रत्येक ड्रेजिंगच्या कंत्राटात अनुसूचित जाती-जमातीच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना उमेदवार म्हणून घेण्याची अट घालावी.

तोवर पालकांनी आणि मुलांनी काही गोष्टी गाठीला बांधाव्यात. खलाशी भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासा. नोकरी लावून देण्यासाठी पैसे घेणे बेकायदेशीर आहे, मंगळसूत्र मोडू नका. २०१० च्या मनिला दुरुस्तीने जहाजावरच्या इलेक्ट्रिकल कामाला अधिकारी आणि रेटिंग अशा दोन पातळ्यांवर आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा दर्जा मिळाला आहे. इलेक्ट्रिकलची पदवी किंवा पदविका असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतून अधिकाऱ्याचा कोर्स करा. आयटीआय झालेल्यांना रेटिंगच्या कोर्सचा रस्ता आहे, वयाची अट आधी बघा. सीडीसी हातात असल्याशिवाय जहाजावर चढू नका. कराराची प्रत घरी ठेवा. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा आंतरराष्ट्रीय करारातला हक्क आहे, भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला आहे. वीज तोडल्याशिवाय पॅनेल उघडायचे नाही, मग हुकूम कोणाचाही असो. आणि जे काम कराल ते रोज लिहून ठेवा.

तो पोरगा आता समुद्रावर जात नाही. भरपाईच्या पैशातून कर्ज फेडले, मानखुर्दला विजेच्या दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. डाव्या हाताने स्क्रू पिळतो. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला घेऊन माझ्याकडे आला होता. ती इलेक्ट्रिकलच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने विचारले, "सर, जहाजावर मुलींना घेतात का?" मी म्हटले, घेतात. त्यावर तिची आई चटकन म्हणाली, "जाऊ दे तिला. पण सगळे कागद आधी तुम्ही वाचा, साहेब."

मावशींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला आता सापडले आहे. साब म्हटल्याने कोणी साब होत नाही. हातात विद्या असावी लागते, विद्येचे प्रमाणपत्र असावे लागते आणि पाठीशी संघटना असावी लागते. या तीनपैकी एक जरी नसले तर जहाजावरही आपण गटारातच उभे असतो.

जयभीम!